इंदूच्या गालातलं पांढरं

इंदू,

काल तुझं तेरावं झालं. पानं उठली, भांडी घासून पालथी घातली, आणि मग येणाराजाणारा एकेक जण माझ्यापाशी येऊन तेच बोलायला लागला. "अक्का होती म्हणून इंदूबाईचं एवढं झालं. सख्खी बहीण करणार नाही एवढं जावेनं केलं." मी मान खाली घालून उभी. त्यांना वाटलं, रडते आहे. मी रडत नव्हते गं. मला तिथून कुठंतरी निघून जावंसं वाटत होतं.

त्याआधी दहाव्याला तुझा रमेश म्हणाला, "मोठीआई, आईला आवडायचं ते सगळं पानावर ठेवायचं. विडा तू लाव. तुझ्याच हातचा लागायचा तिला. कड्डिपुडी मी आणून देतो."

मी म्हटलं, "विडा लावते. तंबाखू नाही घालणार."

"आता काय होणार आहे तिला?"

त्याचं काही चुकलं नाही. पण माझा जीव झाला नाही बघ. सुपारीसुद्धा नाही घातली. नुसतं पान, बोटभर चुना, वेलदोडा आणि वर लवंग टोचलेली. असला विडा तू जिवंतपणी तोंडात धरला नसतास, "अक्का, हे काय गाईला घालायचं आहे?" म्हणाली असतीस. म्हणजे तू गेल्यावरही मी तुझ्याशी भांडलेच.

आज घर रिकामं आहे. पाहुणे गेले. मागच्या दारात बसले आहे, आपल्या नेहमीच्या जागी. घराच्या मधे भिंत घालून दोन बिऱ्हाडं झाली तरी हे मागचं अंगण एकच राहिलं, ते तुझ्या हट्टामुळं. "भिंत पुढं घाला, मागं नको," म्हणाली होतीस. या उंबऱ्यावर आपण किती वर्षं बसलो असू! दुकानातून ब्लाउजांचं गाठोडं यायचं, आणि दुपारची झाकपाक झाली की तू आणि मी हुक लावायला बसायचो. तू दोरा दातानं तोडायचीस. मी कात्री पुढं केली की म्हणायचीस, "दात कशाला दिलेत देवानं?" आणि दोघींच्याही गालात विडा. आपल्या इथली ती कड्डिपुडी, देठांची, जाडीभरडी, मळून पानात घालायची. आपल्या सासूबाई घालायच्या, त्यांच्या सासूबाई घालायच्या. तंबाखू म्हणजे बिडी, ती पुरुषांची. पानात घालतो त्याला कुणी तंबाखू म्हटलंच नाही कधी आपल्यात. तू डाव्या गालात धरायचीस, मी उजव्या. त्यामुळं समोरासमोर बसलो की आरशात बघितल्यासारखं व्हायचं, त्यावर पण तू हसायचीस.

आणि माझा तो तोरा! गल्लीतलं कुठलंही तान्हं दूध प्यायला तोंड लावेना, की त्याला माझ्याकडं आणायचे. जिभेवर दह्याची साय धरावी तसं पांढरं. मी बोटाला मऊ फडकं गुंडाळायची, मधात टाकणखाराची लाही कालवायची, आणि जीभ, गाल, टाळू सगळं अलगद पुसून काढायची. ते निघायचं. खाली लाल व्हायचं, पोर किंचाळायचं, पण निघायचं. "अक्कांच्या हाताला गुण आहे," म्हणायचे. मला तोंडातल्या पांढऱ्यातलं सगळं कळतं, असं मीच धरून चालले होते.

म्हणून तर तू माझ्याकडं आलीस ना. एकदा जेवताना सारूभाताचा घास तोंडात घेतलास आणि तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. "तिखट झालंय का?" मी विचारलं. "नाही गं अक्का, आत चुरचुरतंय." मी तुला इथंच उजेडात बसवलं, गाल ओढला. डाव्या गालाच्या आत, खाली, जिथं तुझा विडा बसायचा तिथं, पांढरं. पेरूच्या फोडीएवढं. जरा सुरकुतलेलं, ओल्या चामड्यासारखं. मी फडकं घेतलं आणि पुसलं. निघालं नाही. जोर लावला. तू माझं मनगट धरलंस. निघालं नाही.

इंदू, तेव्हाच मला कळायला हवं होतं. इतक्या पोरांची तोंडं मी पुसली, एकाचंही पांढरं असं हट्ट धरून बसलं नव्हतं. पण मी काय म्हटलं? "चुना लागलाय. चुन्यानं भाजलं की असंच होतं." तसं होतंही. पान खाणाऱ्या कुठल्या बाईला झालेलं नाही? साल जाते, लोणी लावावं, चार दिवस पान त्या बाजूला धरू नये, बरं होतं. मी लोणी लावलं. तू विडा उजव्या गालात धरायला लागलीस. आता दोघींचा उजवा गाल, आरसा मोडला म्हणालीस. चार दिवसांचे किती चार दिवस झाले ते मी मोजले नाहीत. पांढरं जिथल्या तिथं. मी दर वेळी बघायची आणि म्हणायची, "कमी वाटतंय." कमी नव्हतं. मला कमी वाटायला हवं होतं.

शेवटी दाढ दुखली म्हणून आपण मोठ्या सरकारी दवाखान्यात गेलो, दातांच्या. दाढ बघायला बसलेली ती मुलगी, डॉक्टर कसली, आपल्या नातीच्या वयाची. दाढ राहिली बाजूला, ती आरसा घालून तुझा गालच बघत बसली. कन्नडात मला विचारलं, "अज्जी, हे कधीपासून?"

मी फुशारकीनं म्हटलं, "चुन्याचं आहे. मी लोणी लावतेय."

"पुसून निघतं?"

"नाही निघत."

"मग चुन्याचं नाही. चुन्याचं दोन आठवड्यांच्या आत बरं होतं." आणि तिनं मला शेजारी उभं करून दाखवलं. रागावली नाही, शिकवलं. तोंडातलं पांढरं सगळं एक नसतं, म्हणाली. दह्यासारखं असतं ते पुसलं की निघतं. ते लहान मुलांना, कवळीवाल्यांना, साखरेच्या आजारात, फार औषधं झाली की होतं. ते औषधानं जातं. दात घासून घासून गालावर एक रेघ येते, तिचं काही नाही. कुणाकुणाला दोन्ही गालांत जाळीसारखं येतं, ते वेगळं. आणि हे, एकाच जागी, जाड, न निघणारं, तंबाखू जिथं धरतात तिथलं, हे आम्ही सोडून देत नाही.

मी पण तिला सांगितलं, की बाळांचं मी काढते, मध आणि टाकणखारानं. तिचा चेहराच बदलला. "अज्जी, तान्ह्या बाळाला मध द्यायचा नाही. टाकणखार तर पोटात जाता कामा नये. ते बंद करा." मला इतका राग आला, तुला सांगते! बाहेर आल्यावर तू माझी नक्कल केलीस, "चुन्याचं आहे, मी लोणी लावतेय," आणि बसस्टॉपवर हसून हसून बेजार झालीस. तुझ्या तोंडातलं पांढरं आणि तू मला हसतेस! मी पण हसले मग.

तुझी ती दाढ कोर तुटून धारदार झाली होती, गालाला घासत होती, ती त्यांनी कानशीनं घासून गुळगुळीत केली. गालातून टिकलीएवढा तुकडा काढून तपासायला पाठवला. पुढच्या खेपेला ती मुलगी म्हणाली, "आत्ता कॅन्सर नाही. पण यातून होऊ शकतो. सगळ्यांना होत नाही. कुणाला होईल ते बघून सांगता येत नाही. म्हणून तंबाखू बंद, सुपारी बंद, आणि तीन महिन्यांनी इथं यायचं. बरं वाटलं तरी यायचं."

मी त्याच दिवशी माझी डबी अंगणातल्या नळाखाली रिकामी केली. सोडली ती सोडली. डोकं दुखलं, पोट साफ होईना, चिडचिड झाली, पण परत हात लावला नाही. तेच नडलं. मला जमलं म्हणजे तुलाही जमायलाच हवं, असं माझ्या डोक्यात बसलं.

तू पण सोडलीस की. बडीशेप, धने, वेलदोडा पदराला बांधून हिंडायचीस. "अक्का, तोंडाला करमत नाही गं," म्हणायचीस. आणि दर संकष्टीला माझ्यासमोर बसायचीस. ते आपलं ठरलेलं. संकष्टीचा दिवस म्हणजे विसरायला नको. दुपारी ऊन अंगणात आलं की तू चूळ भरून या उंबऱ्यावर बसायचीस, मी चमच्याच्या दांड्यानं गाल बाजूला करायची. त्या मुलीनं सांगितल्यासारखं सगळं बघायची, ओठ आतून, दोन्ही गाल, जिभेच्या कडा, जिभेखाली, टाळू. मग गळ्याला बोटं लावून गाठ आहे का ते चाचपायची. लाल काही दिसलं, जखम झाली आणि भरेना, हाताला टणक लागलं, तर एक दिवसही थांबायचं नाही, लगेच यायचं, असं तिनं बजावलेलं. तुझं पांढरं विरळ होत गेलं. एका संकष्टीला तर धुक्यासारखं उरलं होतं. मी तुला साखर भरवली त्या दिवशी, चंद्र उगवायच्या आधीच, आठवतं? उपास मोडला म्हणून तू देवाला माझं नाव सांगितलंस.

पण यातच माझं एक चुकलं, ते कुणालाच माहीत नाही. दोनदा दवाखान्यात गेल्यावर तू जाणं सोडलंस. "अक्का बघते की, तिथं कशाला दिवस घालवायचा?" आणि मी, जिनं तुला ओढून न्यायचं, मी गप्प बसले. मला ते गोड लागलं. गल्लीतली पोरं मी आता दवाखान्यात पाठवत होते, तिथं ते जांभळं औषध लावत, पोरं बरी होत, माझ्याकडं कोण येणार? एक तूच राहिली होतीस माझ्यासमोर तोंड उघडून बसणारी. म्हणून मी तुला जाऊ दिलं नाही असं नाही, पण जा म्हटलं नाही. या दोन्हीत फार फरक आहे असं मला आता वाटत नाही.

मग रमेशचं लग्न झालं. शैला आली. कन्नड घरातली, आपलं मराठी ऐकून हसायची, आणि महिन्याभरात आपल्यासारखंच बोलायला लागली. तुला "अत्ते", मला "दोड्डम्मा". तुझं तिच्याशी छान जुळलं. आणि त्याच सुमारास पानपट्ट्यांवर त्या पुड्यांच्या माळा लटकायला लागल्या, चकचकीत, गोड वासाच्या. तू कड्डिपुडीला हात लावत नव्हतीस हे खरंच. तुला वाटायचं, हे काय, वेलदोड्याचं आहे, केशराचं आहे, तोंडाला वास छान येतो, लग्नाकार्यात वाटतात. यात तंबाखू असते हे तुला ठाऊक होतं की नव्हतं? हा प्रश्न मी तुला विचारलाच नाही. मी फक्त निकाल दिला.

शैलाची पहिली गौर. तिची आई, मावश्या, काकू, सगळ्या सुपातून वाण घेऊन आल्या होत्या. तू नवी पैठणी नेसून पाटावर बसलेली, विहीणबाई म्हणून तुझा मान. कुणाच्या तरी ब्लाउजचा हुक तुटला, तू म्हणालीस, "अक्का, माझा हुकांचा डबा आण." मी आणला. उघडला तर हुकांखाली त्या पुड्या. रिकाम्या, घडी घालून ठेवलेल्या, आणि दोन भरलेल्या.

माझ्या अंगाचा भडका उडाला. बाजूला बोलावून विचारता आलं असतं. मी डबा सगळ्यांसमोर पाटापुढं उपडा केला. "बघा, आमच्या इंदूबाईंचा खाऊ बघा! डॉक्टरनं मरशील म्हणून सांगितलंय, आणि इथं चोरून पोटपूजा चाललीये. बायी स्वल्प वास घेऊन बघा!"

तोंडाला 'बायी', जराला 'स्वल्प', मुद्दाम कन्नड शब्द घातले मी. त्यांना कळावं म्हणून.

तू पाटावरून उतरलीस. हुक वेचलेस. एकेक. शैला खाली बसून वेचू लागली तर तिचा हात बाजूला केलास. शैलाची आई म्हणाली, "असू दे, असू दे, आमच्याकडंही खातात." त्यानं तर जास्तच झालं.

संध्याकाळी मी तुझ्या दाराशी आले. "मी बोलले ते तुझ्या भल्यासाठी," म्हटलं.

"माहीत आहे मला," तू म्हणालीस. "भल्यासाठीच बोललीस. आता जा."

त्यानंतर आपण बोललो नाही. हुकाचं गाठोडं तू आत घेऊन बसायला लागलीस. काही सांगायचं असलं की शैलाच्या हाती निरोप. "अत्ते विचारतात, रवा आहे का." "दोड्डम्मा म्हणतात, आहे." बिचारी भिंतीला वळसा घालून घालून थकली. पहिली संकष्टी आली, मी ऊन बघून उंबऱ्यावर येऊन बसले, चमचा धुऊन. तू आली नाहीस. मी ऊन जाईपर्यंत बसले आणि उठले. हाक मारली नाही. दुसऱ्या संकष्टीला बाहेर बसलेसुद्धा नाही. माझं म्हणणं एकच, चूक तुझी, ये तू. आणि मी चुकले नव्हतेच ना, इंदू. तू खातच होतीस. मी बरोबर होते. त्या बरोबर असण्याला धरून मी दिवाळी काढली, संक्रांत काढली.

कळत नव्हतं असंही नाही. दिवाळीला तू चकली बाजूला ठेवून नुसते दूधपोहे खाल्लेस, मी बघितलं. तिळगूळ घेतलास आणि शैलाच्या हातावर ठेवलास, बघितलं. बोलताना शब्द जरा जड पडायला लागले होते, ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं. मी पोळ्या लाटत ऐकायची आणि म्हणायची, येईल, आपण होऊन येईल. अगं, ज्या बाईचा गाल मी महिन्या-महिन्याला बघत होते, तिचं काहीतरी बिघडतंय हे माझ्याइतकं कुणाला कळणार होतं? आणि मीच वाट बघत बसले, तू आधी वाकतेस का म्हणून.

शैला आली शेवटी, रथसप्तमी झाल्यावर. या वेळी निरोप नव्हता. "दोड्डम्मा, अत्तेंना भात गिळवत नाही. तोंडाला वास येतो. मला बघू देत नाहीत. तुम्ही या." मी हातातलं टाकून आले. तू भिंतीला टेकून बसली होतीस. माझ्याकडं बघितलंस आणि तोंड उघडलंस. पूर्ण उघडतच नव्हतं. धुक्यासारखं जे उरलं होतं ते परत पसरलेलं, आणि त्याच्या मधे लाल, खडबडीत, कडा उचललेल्या. बोट लावलं तर टणक. मी बोट मागं घेतलं. तू माझा चेहरा बघितलास, आणि मलाच म्हणालीस, "चुन्याचं आहे का गं, अक्का?"

अजून थट्टा करत होतीस.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, त्याचीच तर काल तारीफ चालली होती. ऑपरेशन, गळ्याच्या गाठी, मग किरणांच्या शेकाचे, करंटचे ते दिवस. मी रोज तुझ्याबरोबर बसमध्ये, रोज तुझा डबा, तुझं पातळ, तुझं तोंड धुणं. त्या मुलीनंच एकदा म्हटलं, "आधी आणलं असतं तर." एवढंच. तिनं माझ्याकडं बघून म्हटलं नाही. पण मी तिथंच होते.

या सगळ्यात एक सकाळ मात्र माझी आहे, ती कुणालाही सांगितलेली नाही. करंट संपत आला होता. तुझं तोंड कोरडं पडलेलं, आतून सोललेलं. एक दिवस मी गाल बघितला. सगळीकडं पांढरं. जिभेवर, टाळूला, दुसऱ्या गालातसुद्धा. मी डॉक्टरांच्या खोलीत धावत गेले, "परत आलं, सगळीकडं आलं!" त्या मुलीनं येऊन बघितलं, लाकडी पट्टीनं जरासं खरवडलं, आणि ते निघालं. "अज्जी, घाबरू नका. हे तुमच्या ओळखीचं. बाळांचं असतं ते. करंटनं लाळ कमी झाली, ताकद कमी झाली की मोठ्यांनाही येतं. औषध देते, लावा. आणि पुसायचं कसं ते तुम्हाला सांगायला नको."

मी बोटाला ओला मऊ कापूस गुंडाळला आणि तुझी जीभ पुसली. निघालं, इंदू. साय निघावी तसं निघालं. दुसऱ्या दिवशी आणखी निघालं. औषधानं आठवडाभरात तुझी जीभ लाल झाली, स्वच्छ, बाळासारखी. तुला गाईचं दूध चमच्यानं पाजलं आणि तू हातानं खूण केलीस, गोड लागतंय. आपण दोघी हसलो. तुझ्या तोंडातलं तेवढं एक पांढरं मला काढता आलं. जे काढायला हवं होतं ते नव्हे. पण तू माझ्या हाताचा मुका घेतलास. तो मुका मला पचलेला नाही अजून.

तेव्हा तरी म्हणायचं ना, की गौरीच्या दिवशी चुकलं माझं. रोज म्हणणार होते. बसमध्ये म्हणणार होते, डबा उघडताना म्हणणार होते. तू बोलू शकत नव्हतीस, उलट उत्तर येणार नव्हतं, एवढी चांगली संधी! पण मला वाटायचं, आता म्हटलं तर तुला वाटेल अक्कानं आशा सोडली. हे कारण मी स्वतःला दिलं. खरं असेलही. मला आता माझी कारणं ओळखू येत नाहीत.

आणि शेवटचं ते. जायच्या आधी दोन-तीन दिवस, तू मला जवळ बोलावलंस. माझ्या गालाला बोट लावलंस, उजव्या. मग खूण केलीस, उघड. मी समजले नाही असं दाखवलं. तू परत खूण केलीस. शैला म्हणाली, "दोड्डम्मा, अत्ते म्हणतात, तुमचं तोंड दाखवा."

"माझं काय बघायचंय?" मी म्हटलं. "मी कधीच सोडलीये. माझं ठणठणीत आहे. तू दूध पी."

तू डोळे मिटलेस. रागावून नव्हे. तुला माहीत होतं, मी खोटं बोलतेय.

हो, इंदू. दिवाळीपासून माझ्या उजव्या गालात जिभेला काहीतरी खरखरीत लागतंय. आपण बोलत नव्हतो तेव्हापासून. मी सकाळ-संध्याकाळ जीभ फिरवून बघायची आणि जीभ लांब घ्यायची. आरशासमोर एकदाही गाल ओढून बघितला नाही. तंबाखू सोडली होती ना, मग आता कशाला, असं. तुला सगळ्यांसमोर चोर ठरवलं त्यानंतर थोड्याच दिवसांत मी तेच करत होते. लपवत होते. सगळ्यांपासून, आणि आधी माझ्यापासून. तू का लपवलंस ते मला तेव्हा कळायला लागलं होतं, तरी मी भिंतीला वळसा घालून आले नाही. भ्यायले होते गं. आणि भीती वाटते असं सांगायचं तर ते तुलाच सांगायचं होतं, दुसरं होतं कोण?

मघाशी ऊन आलं अंगणात. शैला भांडी लावून माझ्याशेजारी येऊन बसली. मीच म्हटलं, "शैला, जरा बघतेस का?" आणि तोंड उघडलं.

दुसऱ्यासमोर तोंड उघडं ठेवून बसणं किती अवघड असतं! जबडा दुखतो, लाळ येते, आपला वास आपल्याला येतो, आणि समोरच्याचे डोळे सोडून कुठं बघावं ते कळत नाही. तू महिन्या-महिन्याला बसायचीस. आणि मी तुला म्हणायची, "नीट उघड, लहान मूल आहेस का?"

शैलानं माझा गाल ओढला. बराच वेळ बघितलं. पदरानं बोट पुसून घेतलं आणि आत हळूच घासून बघितलं, शिकवल्यासारखं. मी तिच्याकडं बघत होते, म्हणेल आता, इतके दिवस काय केलंत, आमच्या अत्तेंना एवढं बोललात आणि तुम्ही.

ती म्हणाली, "सरी, ठीक आहे. उद्या मी डबा लवकर करते. सकाळच्या बसनं आपण दोघी जाऊ."

"बरं," मी म्हटलं.

एवढंच. गौरीच्या दिवशी डबा मिटून तुला मी एवढंच म्हटलं असतं, इंदू, तर तूही बरं म्हणाली असतीस.